टोळक्यात सापडलेला मुलगा आणि कायदा: कोकणातील पालकांनी काय करावे

पोलीस ठाण्यातून फोन आला, की कोकणातल्या बहुतेक घरांत पहिला विचार होतो तो मुलाला रात्रीच्या गाडीने मुंबईला मामाकडे किंवा काकाकडे पाठवून देण्याचा. चार दिवसांत प्रकरण थंड होईल, मग गावातली चार वजनदार माणसे मध्ये पडतील आणि वाडीतले भांडण वाडीतच मिटेल, असा त्यामागचा हिशेब असतो. बाल न्याय मंडळापुढे अशा मुलांची बाजू मांडताना मी पुन्हापुन्हा पाहिले आहे की, मूळ भांडणाने मुलाचे जितके नुकसान होत नाही तितके या एका रात्रीच्या प्रवासाने होते. पळालेल्या मुलाच्या जामिनाला विरोध करणे सरकारी पक्षाला सोपे जाते. शिवाय मुंबईतल्या खोलीवर दिवसभर त्याच्याकडे पाहणारे कोणी नसते, कारण सगळे कामावर गेलेले असतात. ज्या ‘भाऊं’पासून त्याला दूर न्यायचे होते, त्यांची माणसे तर अनेकदा तिथेच भेटतात.

म्हणून पहिली सूचना हीच की, मुलाला लपवू नये. त्याला घेऊन वडील, आई किंवा घरातील जबाबदार माणसाने स्वतः ठाण्यात जावे, आणि जाण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे वकिलाची मागणी नोंदवावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मुलांना आणि स्त्रियांना मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही ही मदत मागता येते.

कायदा टोळी कशाला म्हणतो

आपल्या कायद्यात तरुणांच्या टोळीची अशी वेगळी व्याख्या नाही, आणि पालकांची गफलत नेमकी येथेच होते. मुलांच्या तोंडी शब्द असतो ‘ग्रुप’. त्या ग्रुपला नाव असते, क्रिकेटचा संघ असतो, वाढदिवसाचा बॅनर असतो, आणि शिमग्याला पालखीमागून नाचणारी तीच पोरे असतात. घरच्यांना यात काही वावगे दिसत नाही, आणि बहुतेक वेळा ते नसतेही. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १८९ प्रमाणे पाच किंवा अधिक माणसे गुन्ह्याच्या समान उद्देशाने एकत्र आली, की तो बेकायदेशीर जमाव होतो. त्या जमावाने बळाचा वापर केला तर कलम १९१ खाली तो दंगा ठरतो, ज्याला दोन वर्षांपर्यंत, आणि प्राणघातक हत्यार जवळ असल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वांत महत्त्वाचे कलम १९० आहे: समान उद्देश साधताना जमावातील एकाने जो गुन्हा केला, त्याला त्या वेळी जमावात असलेला प्रत्येक जण जबाबदार धरला जातो.

समजा, टेनिस बॉलच्या स्पर्धेत अंतिम सामन्यावरून बाचाबाची झाली आणि तिचा वचपा काढण्यासाठी तीन दुचाकींवरून सहा मुले शेजारच्या गावच्या तिठ्यावर गेली. त्यांतल्या एकाने कोयता उगारला आणि समोरच्याच्या खांद्यावर वार बसला. उरलेले पाच जण घरी येऊन सांगतात, ‘मी तर नुसता गाडीवर मागे बसलो होतो.’ हे वाक्य आईबापांना खरे वाटते आणि ते खरे असतेही, पण कायद्यापुढे त्याने दोष टळत नाही. तो मुलगा तेथे कशासाठी गेला होता, त्याला हत्याराची कल्पना होती का, आणि वार झाल्यावर तो थांबला की निघून गेला, या तीन प्रश्नांवर त्याचा बचाव उभा राहतो. त्यामुळे त्या रात्रीची हकीकत वकिलाला जशी घडली तशी, काहीही न वगळता सांगावी.

कोयत्याविषयी येथेच सांगायला हवे. आपल्याकडे नारळ सोलायला, कवळ तोडायला, कुंपणाच्या काठ्या साळायला प्रत्येक घरात कोयता असतो, आणि तो कमरेच्या आकडीला अडकवून बागेत जाणारा माणूस काही गुन्हेगार नव्हे. शस्त्र अधिनियम, १९५९ मधील शस्त्राच्या व्याख्येतूनही केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी असलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. मात्र तोच कोयता रात्री अकरा वाजता शर्टाखाली लपवून बाजारपेठेत नेला, तर बागायतीचे कारण कोणी ऐकून घेत नाही. शिवाय सणासुदीला जिल्हाधिकाऱ्यांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश अनेकदा लागू असतो, आणि त्या काळात हत्यार बाळगणे हाच स्वतंत्र गुन्हा होतो. तलवारीने केक कापतानाची चित्रफीत मुले स्वतःच स्टेटसला ठेवतात आणि पोलिसांना पुरावा शोधण्याचीही गरज उरत नाही. मुलाच्या फोनवर असे काही दिसले तर ते पुसून टाकायला लावण्यापेक्षा त्याच्याशी बसून बोलावे. गुन्हा नोंदला गेल्यानंतर तर काहीही पुसू नये, कारण पुरावा नष्ट केल्याचा आरोप मग पालकांवरही येऊ शकतो.

पहिले चोवीस तास

ठाण्यात जाताना सर्वांत आधी वयाचा पुरावा घ्यावा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा गुन्ह्याच्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या प्रत्येकाला लागू होतो, आणि अशा मुलाला आरोपी न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतात. वय ठरवण्याचा क्रम कलम ९४ मध्ये दिलेला आहे: प्रथम शाळेचे जन्मतारखेचे प्रमाणपत्र किंवा दहावीच्या परीक्षा मंडळाचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महानगरपालिकेचा जन्माचा दाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्डावर विसंबून राहू नये. आमच्याकडे मुलाला लवकर शाळेत बसवण्यासाठी काही महिने वाढवून जन्मतारीख लावल्याची उदाहरणे अजून भेटतात. ग्रामपंचायतीचा दाखला एक सांगतो आणि शाळेची नोंद दुसरे, अशा वेळी कायद्याच्या क्रमात शाळेचा कागद आधी येतो, आणि त्या काही महिन्यांपायी मुलगा प्रौढ ठरू शकतो. घरात अशी तफावत असेल तर ती शाळेमार्फत आजच दुरुस्त करून घ्यावी. वयाचा मुद्दा ठाण्यात ऐकला गेला नाही तरी निराश होऊ नये, कारण तो कोणत्याही न्यायालयात आणि कोणत्याही टप्प्यावर मांडता येतो.

अल्पवयीन मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या किंवा विशेष बाल पोलीस पथकाच्या ताब्यात द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे हजर करावे लागते. त्याला बेडी घालता येत नाही, त्याच्याकडून कोणत्याही जबाबावर सही घेता येत नाही, आणि त्याच्याशी बोलताना पालकांना जवळ बसता येते. एका ठाण्यात रात्रभर बाकावर बसवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाकडून कोऱ्या कागदावर सही घेतल्याचे मला दुसऱ्या दिवशी कळले, तेव्हा त्याची आई दाराबाहेर पायरीवर बसून होती. आपल्याला आत जाता येते हेच तिला कोणी सांगितले नव्हते. म्हणून हे नियम पालकांनी आवाज न चढवता, पण ठामपणे, आणि शक्य तर लेखी अर्जाने मांडावेत. अर्जाची पोच घ्यावी. ऐकून घेतले जात नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर त्याच वेळी फोन करावा.

किरकोळ प्रकरणात अल्पवयीन मुलाविरुद्ध प्रथम खबर (एफआयआर) नोंदवली जात नाही, तर ठाणे दैनंदिनीत नोंद होऊन सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. गुन्हा निर्घृण स्वरूपाचा असेल किंवा त्यात प्रौढ माणसे सामील असतील तर मात्र प्रथम खबर होते. टोळक्याच्या प्रकरणात एखादा तरी अठरा वर्षांवरचा असतोच, त्यामुळे येथे बहुधा ती होणार हे गृहीत धरावे. तरीही मुलाचे प्रकरण प्रौढांच्या खटल्यात मिसळता येत नाही. त्याची चौकशी मंडळापुढे वेगळीच चालते.

मंडळापुढे काय घेऊन जावे

बाल न्याय मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, आणि त्या दोघांपैकी किमान एक स्त्री असते. मंडळ बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी बसते. मंडणगडच्या पालकाला रत्नागिरी गाठायची म्हणजे दिवस मोडतो, आणि हातावर पोट असलेल्या खलाशाला प्रत्येक तारखेला एका दिवसाची मजुरी सोडावी लागते, हे मी जाणतो. तरीही एकही तारीख चुकवू नये. मंडळाची बैठक नसेल त्या दिवशी मुलाला एका सदस्यापुढेही हजर करता येते.

अल्पवयीन मुलाला जामीन हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ मध्ये या नियमाला तीनच अपवाद आहेत: सुटल्यावर तो परिचित गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता असणे, त्याला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका असणे, किंवा सुटकेने न्यायाचा हेतूच विफल होणे. टोळक्याच्या प्रकरणात सरकारी पक्ष पहिल्या अपवादावर बोट ठेवतो आणि ते साहजिकच आहे. तेथे ‘आमचा मुलगा चांगला आहे, संगत वाईट लागली’ असे हात जोडून म्हटले, तर पालक नकळत सरकारी पक्षाचीच बाजू मजबूत करतात.

त्याऐवजी मंडळापुढे एक आखलेली व्यवस्था ठेवावी. मुलगा सुटल्यावर कोणाच्या घरी राहील, दिवसा त्याच्यावर लक्ष ठेवणारा प्रौढ माणूस कोण, तो कोणत्या शाळेत किंवा आयटीआयमध्ये जाईल, त्यासाठी मुख्याध्यापकांचे पत्र आहे का, संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत तो कोठे असेल, फोन कोणाकडे राहील, आणि दुचाकीची चावी कोणाकडे, हे सारे एका पानावर लिहून द्यावे. मामाच्या गावी ठेवायचे असेल तर मामाने स्वतः मंडळापुढे यावे. येथे मुंबईचा पत्ता दिला तरी हरकत नाही, फक्त तो मंडळाला सांगून दिलेला असावा, लपवून नव्हे. दुचाकीचा उल्लेख मी मुद्दाम केला. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही.

त्यानंतर परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतात. त्यांनी दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो, आणि मंडळाचा अंतिम आदेश बराचसा त्यावर अवलंबून असतो. पाहुणा आल्यासारखी घराची झाकपाक करून त्यांच्यापुढे सगळे आलबेल असल्याचे दाखवण्याकडे आपला कल असतो. वडील दारू पितात, मुलाने नववीत शाळा सोडली, गेल्या वर्षी त्याच्या हातात नवा फोन कोठून आला हे कोणी विचारले नाही, अशा गोष्टी सांगायला लाज वाटते. पण त्या सांगितल्याशिवाय मुलाला काय हवे आहे हे त्या अधिकाऱ्याला कळायचे कसे? मुलगा गांजा ओढत असेल तर तेही सांगावे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या अधिनियमात कलम ६४अ आहे, ज्यायोगे अल्प प्रमाणाच्या प्रकरणात व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

चौकशी चार महिन्यांत संपवायची असते आणि ती आणखी दोन महिने वाढवता येते. दोष सिद्ध झाला तरी समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, पालकांना दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर परिवीक्षा, किंवा जास्तीत जास्त तीन वर्षे विशेष गृहात ठेवणे, एवढेच आदेश मंडळ देऊ शकते. मुलगा सोळा ते अठरा वर्षांचा असेल आणि गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तेव्हा मात्र मंडळ प्राथमिक मूल्यमापन करून प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकते, आणि तेथे त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. खून या वर्गात येतो. खुनाच्या प्रयत्नाला किमान शिक्षा ठरवलेली नसल्यामुळे तो येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हा भेद स्पष्ट केला आहे. ‘आता मोठ्यांच्या कोर्टात चालवतील’ असे ऐकून घाबरलेल्या पालकांनी आपल्या प्रकरणातले कलम कोणते आणि त्याला किमान शिक्षा आहे की कमाल, हे आधी वकिलाला विचारावे.

मागचा मोठा माणूस

या मुलांच्या मागे बहुतेक वेळा एक प्रौढ असतो, आणि गाव त्याला ओळखत असते. पेट्रोलचे पैसे तो देतो, वाढदिवसाचा बॅनर त्याचा लागतो, आणि गोव्याहून येणाऱ्या चोरट्या दारूची खोकी बांद्याच्या बाजूने आणताना पुढे दुचाकीवर पोलीस पाहायला त्याने सोळा वर्षांचे पोर बसवलेले असते. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली, तेव्हा किनाऱ्यावरच्या कितीतरी पालकांच्या पोटात गोळा आला, कारण पहाटे पुळणीवर सर्वांत आधी पोहोचतात ती मुलेच. अशी पाकिटे दिसली तर हात न लावता ११२ वर कळवायला त्यांना आजच शिकवावे.

त्या प्रौढासाठी कायदा कडक आहे, पण फार थोडे पालक तो वापरतात. मुलांचा एकेकट्याने किंवा टोळी म्हणून बेकायदेशीर कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. दारू किंवा अमली पदार्थांच्या विक्री-वाहतुकीसाठी मुलाला वापरल्यास कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ त्याहून पुढे जाते: अठरा वर्षांखालील व्यक्तीला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्याला किमान तीन आणि कमाल दहा वर्षे कैद, आणि तो गुन्हा घडला तर त्याने स्वतः केल्यासारखी त्याची शिक्षा वेगळी.

या माणसाचे नाव कोण घेणार, हा खरा प्रश्न आहे. त्याच्याच होडीवर मुलाचा बाप खलाशी असतो, त्याच्याच देणगीवर गणेशोत्सव चालतो, आणि ‘पोराला मी सोडवतो, वकीलही मीच देतो’ असा निरोप त्याचाच आलेला असतो. तो वकील कदापि घेऊ नये. ज्याचे हित मुलाने गप्प राहण्यात आहे, त्याने नेमलेला वकील मुलाचा राहत नाही. मुलाच्या स्वतंत्र वकिलामार्फत, लेखी स्वरूपात, थेट मंडळापुढे ती हकीकत ठेवावी. गावातल्या बैठकीत किंवा व्हॉट्सअॅपवर तिची वाच्यता करू नये. धोका असेल तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, आणि त्यावर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. तंटामुक्त समितीत शेजाऱ्यांचे बांधावरचे भांडण जरूर मिटवावे. ज्या तडजोडीत जखमी मुलाला औषधाचे पैसे मिळतात आणि मागचा माणूस मोकळा राहतो, तिला मी तडजोड मानत नाही. तो माणूस पुढच्या वर्षी नवी मुले शोधतो.

थोरला भाऊ एकोणीस वर्षांचा असेल तर

वरील सगळे संरक्षण अठराव्या वाढदिवसाला संपते, आणि एकाच घरातल्या दोन भावांची वाट तेथे फुटते. थोरल्यावर तहसीलदारांपुढे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्राची कारवाई होऊ शकते, जिला लोक ‘चॅप्टर केस’ म्हणतात. टोळीने केलेल्या चोऱ्या, हिसकावणे किंवा फसवणूक यांसाठी संहितेचे कलम ११२ लागू झाले तर एक ते सात वर्षे कैद आहे. गंभीर प्रकरणात १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, म्हणजे मोक्का, किंवा ‘एमपीडीए’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९८१ च्या अधिनियमाखाली बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता येते. सर्वांत वारंवार येते ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खालची तडीपारी, जी दोन वर्षांपर्यंत असू शकते. तिची नोटीस आली की उत्तर देण्याची संधी मिळते, आणि ती कधीही सोडू नये: नोकरी, घरचे अवलंबित, जुन्या गुन्ह्यांतील निर्दोष सुटका, सारे कागदोपत्री मांडावे. आदेश झालाच तर तीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

प्रकरण संपल्यावर

मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे, ज्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरत असेल तर त्याचे स्क्रीनशॉट ठेवून लेखी तक्रार द्यावी.

आमच्याकडची पुष्कळ मुले पुढे बोटीवर, गोदीत किंवा सुरक्षा दलात जाऊ पाहतात, आणि पोलीस पडताळणीत जुने प्रकरण निघेल या धास्तीने अर्जच करत नाहीत. त्याच अधिनियमाच्या कलम २४ नुसार मंडळाने निकाल दिलेल्या मुलाला त्या दोषामुळे कोणतीही अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर त्या नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका नेमणुकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये अल्पवयातील प्रकरण नोकरीच्या आड येऊ नये असेच म्हटले. सोळा वर्षांवरील ज्या मुलाला बाल न्यायालयाने दोषी ठरवले, त्याला मात्र हा लाभ नाही. नोंदी नष्ट करण्याचा आदेश आपोआप घरी येत नाही. निकालानंतर वकिलामार्फत त्यासाठी अर्ज करावा, आदेशाच्या दोन प्रमाणित प्रती घ्याव्यात, एक ठाण्यात देऊन पोच घ्यावी, आणि दुसरी दहावीच्या प्रमाणपत्राबरोबर पावसाच्या ओलीपासून जपून ठेवावी.